तिसऱ्याकडं बघायचं

रस्त्यात भांडण लागलं की जब्बार मास्तर थांबायचे. सोडवायला नाही. हात मागे बांधून, मान जराशी तिरकी करून ते थोडे लांब उभे राहायचे. बाकीचे लोक भांडणाऱ्यांकडे बघत. मास्तरांची नजर गर्दीत फिरत असे. कंधारच्या बसस्टँडसमोर एकदा एका जीपवाल्याची आणि केळीवाल्याची जुंपली होती. जीपवाल्याने कॉलर धरली, केळीवाल्याने वजन उचललं. मी मास्तरांच्या शेजारीच होतो. म्हणालो, आता डोकं फुटणार बघा. मास्तर तिकडे बघतच नव्हते. त्यांनी हनुवटीने मला एक माणूस दाखवला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात उसाच्या रसाचा ग्लास. एक घोट घ्यायचा आणि अगदी हळू आवाजात केळीवाल्याला म्हणायचा, "मी आसतो तर सोडलो नसतो." पुन्हा घोट.

"भांडणात तिसऱ्याकडं बघायचं, मुनशीजी," मास्तर म्हणाले. "दोघं तर थकत्यात. तिसरा थकत न्हाई. त्याच्या हातात रस आसतो."

हे वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं की त्याचा अर्थ लागायचा थांबला. ते म्हणताना मास्तर माझ्याकडेच बघत असायचे, हे कळायला मला फार उशीर लागला.

मी तहसीलसमोर लिंबाखाली टेबल टाकून बसणारा अर्जनवीस. लोक मुनशीजी म्हणतात. मोजणीचे अर्ज, हरकती, फेरफार, पोलीस ठाण्याच्या तक्रारी, सगळं लिहून देतो. आयुष्यभर 'मी अर्जदार विनंती करतो की' असं लिहीत आलो, पण त्यातला मी कधीच मी नव्हतो. खाली अंगठा दुसऱ्याचा असायचा. बोलायला मी आधीच कमी; घरीही माझं काय चाललंय ते कुणाला फारसं कळत नाही. स्वतःच्या वतीने लिहायला बसलोय ते आज पहिल्यांदा, आणि तेही मास्तर कसे होते ते सांगायचं म्हणून. पण मास्तरांबद्दल खरं लिहायचं तर मला बाजूला ठेवून ते जमत नाही, हे चार कागद फाडल्यावर लक्षात आलं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, ब्यांडमास्तर. त्यांच्या आजोबांपासून घरात ब्यांड. कंधार, लोहा, मुखेड, थेट धर्माबादपर्यंत वऱ्हाडं त्यांच्या वाजंत्रीवर चालली. मास्तर उंच, सडसडीत. दाढी मेंदीने लाल केलेली, आणि ती मेंदी जरा फिकी झाली की घराबाहेर पडणार नाहीत. क्लॅरिनेट वाजवताना डोळे मिटून घ्यायचे आणि नवरदेवाची घोडी पुढे गेली तरी हे मागेच उभे राहायचे. हैदराबादच्या एका नवाबाच्या घरच्या लग्नात आपली क्लॅरिनेट ऐकून कुणा बुजुर्गाने अंगठी काढून दिली, अशी गोष्ट ते सांगत. ती अंगठी कधी सोन्याची असे, कधी चांदीची, आणि कुठे आहे विचारलं की म्हणायचे, "अजी, अंगठी गेली. दाद तर राहिली ना."

त्यांच्या ब्यांडाचे कोट लाल भडक. खांद्यावर सोनेरी झुबके, छातीवर पितळी गुंड्यांच्या दोन रांगा, डोक्यावर तुऱ्याची टोपी. कुठल्याही सेनापतीला लाजवतील असे. मग डीजे आले. एका ट्रकवर भिंतीएवढे भोंगे आणि एक पोरगा, संपलं. वाजवणारे कुणी रिक्षा घेतली, कुणी मोंढ्यात हमालीला गेलं. कोट लोखंडी पेट्यांत गेले. पावसाळा उतरला की मास्तर ते कोट गल्लीत दोरीवर टाकायचे, उन्हात. डांबराच्या गोळ्यांचा वास अर्ध्या मोहल्ल्यात पसरायचा.

त्या दोरीखाली त्यांना सिनेमा सुचला, असं लोक सांगतात. ते अर्धंच खरं आहे.

उरलेलं अर्धं एका मिरवणुकीत होतं. बाजार समितीची निवडणूक होती आणि प्रचाराच्या शेवटच्या दिवशी दोन्ही पॅनलांनी मास्तरांचाच ब्यांड सांगितला. दुसरा कुणी असता तर एकाला हात जोडून नाही म्हणाला असता. मास्तरांनी ब्यांडाचे दोन भाग केले. अर्धे एका मिरवणुकीत, अर्धे दुसऱ्या. दोन्ही मिरवणुका जुन्या वेशीपाशी समोरासमोर आल्या. दोन्हीकडे तेच लाल कोट, त्याच टोप्या. आणि एकाच घरातले वाजवणारे म्हटल्यावर चुरस लागली. इकडच्यांनी आवाज चढवला, तिकडच्यांनी त्याच्यावर चढवला. ब्यांड चढला तशी माणसं चढली. मग दगड आले. मुनीर नावाचा ट्रंपेटवाला होता, मास्तरांच्या बहिणीचा मुलगा, लग्न होऊन वर्ष झालेलं. दगड त्याच्या तोंडावर बसला. पुढचे दात गेले. ट्रंपेट ओठ आणि दात यांवर चालतं. मुनीरने पुन्हा कधी वाजवलं नाही.

मास्तर त्यावर फार बोलत नसत. एकदाच म्हणाले, "दगड मारल्याल्याचं नाव पोलिसांनी लिहिलं. दोन्हीकडून वाजवत कोण होतं, कुणी इचारलं न्हाई. मीबी सांगितलो न्हाई."

तर कोट दोरीवर वाळत होते. वाऱ्याने त्यांच्या बाह्या हलत होत्या, ओळीत सगळे. मुनीरने तेव्हा नवा मोठा फोन घेतला होता आणि ओट्यावर बसून तो कोटांचं चित्रण करत होता. मास्तर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "फौज तर तयार हाय रे. लढाई न्हाई. लढाई इकणारा तेवढा आणायचा."

तिथून सुरू झालं. हत्यारांचा धंदा हा विषय कंधारच्या ब्यांडवाल्याला कसा सुचला, असं मला नांदेडच्या एका प्राध्यापकांनी विचारलं होतं. खरं उत्तर एवढंच, की त्यांच्याकडे गणवेश होते आणि एक जुनी लाज होती.

पहिल्या सिनेमाचं नाव 'एका तोफेवर एक फुकट'. ओढ्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं अशी दोन गावं. तोफ विकणारा एक सद्‌गृहस्थ येतो. अलीकडच्या सरपंचाला तोफ विकतो आणि वर एक फुकट देतो. सरपंच म्हणतो, दोन घेऊन काय करू? तो म्हणतो, मग ती दुसरी मी पलीकडे नेऊन देतो, तुम्हाला कशाला वाहतुकीचा त्रास. तोफ म्हणजे ब्यांडातला सगळ्यात मोठा पितळी भोंगा, काळा रंग लावलेला. शेवटी दोन्ही तोफा एकदम उडवायच्या होत्या, पण स्फोटाचा आवाज काढणं कुणाला जमेना. सुतळी बॉम्ब लावून बघितला, तो फुस्स झाला. मास्तर चिडले, भोंग्याच्या मागे जाऊन बसले आणि तोंड लावून त्यांनी वरातीची धून वाजवली. समोरच्या फौजेला हे सांगितलेलंच नव्हतं. अंगातल्या सवयीने ते सगळे नाचायला लागले. मुनीरने ते तसंच ठेवलं. आठवडी बाजारात गोदामाच्या भिंतीवर दाखवलं तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि त्यानंतर गावोगाव फोनवर तो तुकडा फिरत राहिला.

दुसरा सिनेमा रणगाड्यांचा. मळणीयंत्राला काळी ताडपत्री गुंडाळून पुढे बोअरचा पाइप बांधला की झाला रणगाडा. विकणारा हमीपत्र देतो: वर्षाच्या आत लढाई केली नाही तर गॅरंटी संपेल. राजा बिचारा मुदत संपत आली म्हणून शेजाऱ्याशी भांडणाचं निमित्त शोधत फिरतो, आणि शेजारीही त्याच काळजीत, कारण त्याची गॅरंटीही त्याच दिवशी संपणार.

या सिनेमापासून मी त्यात आलो. एका सकाळी मास्तर चहाचे दोन ग्लास घेऊन टेबलाशी आले. विकणाऱ्याची वाक्यं मी लिहावीत, असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हणालो, मला कुठलं येतंय नाटक-सिनेमाचं. मास्तर म्हणाले, "नाटक नक्को. हत्यार इकणारा शिव्या देत न्हाई, मुनशीजी. लई अदबीनं बोलतो. तुम्ही गिऱ्हाइकाशी बोलता ना, बस, तसंच लिहा."

मला बरं वाटलं. आपल्या अदबीची कुणी दखल घेतली, एवढंच मनात आलं. दुपारी गर्दी ओसरल्यावर मी लिहून काढलं: "राजेसाहेब, लढाई व्हावी असं मला मुळीच वाटत नाही. पण समोरचा तयारीत आहे, एवढं कानावर घालणं माझं कर्तव्य. मी काय, मी फक्त माल देतो. वापरायचा की नाही, ते आपण ठरवा." लिहिताना अडखळलो नाही, खोडलं नाही. नांदेडचा एक विमा एजंट ती भूमिका करायचा, एसटीने यायचा, चेहऱ्यावर साखर. त्याने ती वाक्यं म्हटली तेव्हा गोदामाच्या भिंतीसमोर बसलेली सगळी माणसं हसली. मागे उभा राहून मीही हसलो.

आता माझं सांगतो.

कंधारच्या पलीकडे एका गावात ग्यानोबा आणि माधव असे दोघे सख्खे भाऊ. वाटण्या झालेल्या, दोघांच्या शेतांमध्ये एक धुरा, म्हणजे बांध. तो अमक्याने नांगरून सरकवला, तमक्याने सरकवला, यावरून वाद. ग्यानोबा मोजणीचा अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे आला. मी लिहून दिला आणि निघताना म्हणालो, तुम्ही गाफील राहू नका, समोरचा तयारीत आहे. समोरचा तेव्हा काहीच तयारीत नव्हता. पुढच्या बाजाराला माधव आला, भावाने काय अर्ज केलाय ते विचारायला. मी त्याला हरकत लिहून दिली. मग ग्यानोबाला हरकतीवर उत्तर. मग माधवला अपील. एकाला सकाळी बोलवायचं, दुसऱ्याला दुपारून. खोटं मी कधी लिहिलं नाही. फक्त प्रत्येकाला उठताना ते एक वाक्य द्यायचो. आणि कुणी म्हणालंच, की मुनशीजी, हे लई वाढायलंय, तर म्हणायचो, मी काय, मी फक्त लिहून देतो.

असं त्या दोघांशीच नाही वागलो. पण ते दोघे लिहितो, बाकीचे मनात आहेत.

वाद लागल्यापासून तो धुरा आणि त्याच्या दोन्ही अंगांचा पट्टा कुणी पेरत नव्हतं. कुसळ माजलेलं. मधोमध एक उंबर. त्या घराची रीत अशी, की लग्नाच्या मांडवाची मेढ त्याच उंबराच्या फांदीची रोवायची. बापाच्या लग्नात तीच, आजाच्या लग्नात तीच. माधवच्या मुलीचं लग्न ठरलं. एका सकाळी माधव माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या पिशवीतून कुऱ्हाडीचा दांडा दिसत होता. कुऱ्हाड धार लावायला आणली होती. मला म्हणाला, मेढीची फांदी तोडायला काल गेलो होतो, भाऊ लांबून बघत उभा राहिला, मी तसाच परत आलो. आता फांदी तोडली तर त्यात कायद्याने काही अडचण येते का? मी म्हणालो, बघून सांगतो.

दुपारी ग्यानोबा आला. म्हणाला, माधव कुऱ्हाड घेऊन धुऱ्यावर आला होता, माझ्या जिवावर उठलाय, ठाण्यात तक्रार लिहून द्या. त्या तक्रारीचा अर्थ मला नीट माहीत होता. मुलीच्या लग्नात बाप कोठडीत बसला असता. कुऱ्हाड कशाला होती, हे सकाळीच त्याच टेबलावर मला कळलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, दोन दिवसांनी या, पक्की लिहून ठेवतो.

आणि त्या दोन दिवसांतच मास्तरांनी शूटिंग लावलं.

तिसऱ्या सिनेमात विकणारा दोन राजांना आधी दुर्बिणी फुकट वाटतो. दुर्बिणीतून बघितलं की शेजारी मोठा दिसतो, मग तोफ आपोआप खपते. रणांगण म्हणून मोकळी, न पेरलेली जागा हवी होती. मास्तरांनी ग्यानोबा-माधवचा धुराच निवडला. दोघांकडे वेगवेगळे जाऊन परवानगी काढली. प्रत्येकाला सांगितलं, तुमच्या बाजूचं कुसळसुद्धा हलणार नाही. वरून ऐनवेळी नांदेडचा एजंट आला नाही. लातूरच्या कुठल्या मालिकेत त्याला काम मिळालं होतं. मास्तर माझ्या दारात उभे.

"वाक्यं तुमचीच हायेत. पाठ कराया नको. सफारी घाला अन् चला."

मी नाही म्हणालो, तब्येतीचं सांगितलं, बायकोने आतून चहा आणला तरी नाहीच म्हणत होतो. मास्तर ओट्यावर बसून राहिले. शेवटी लाजेखातर गेलो. जागा कुठली ते मला तिथे पोचल्यावर कळलं.

ग्यानोबा आणि माधव दोघेही हजर होते, आपापल्या बाजूची राखण करायला. ऊन असं होतं की सावली फक्त उंबराची. त्यामुळे एक खोडाच्या या अंगाला, एक त्या अंगाला, पाठीला पाठ लागेल इतके जवळ, पण तोंडं दोन दिशांना. लाल कोट घातलेली फौज कुसळात उभी. मुनीरने फोन काठीला बांधला. मी पहिल्या राजापुढे, म्हणजे ढोलवाल्यापुढे, वाकून उभा राहिलो. ठिबकच्या पाइपाची दुर्बीण त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, राजेसाहेब, लढाई व्हावी असं मला मुळीच वाटत नाही, पण समोरचा तयारीत आहे. मग दहा पावलं चालत दुसऱ्या राजाकडे गेलो, तसाच वाकलो, तेच म्हणालो. मी काय, मी फक्त माल देतो.

फौज हसली. मास्तर कधी नव्हे ते मला वा म्हणाले. तेवढ्यात उंबराखालून ग्यानोबाचा आवाज आला. रागाचा नव्हता, आठवत असल्यासारखा.

"मुनशीजी, हे तुम्ही मला म्हणलाव. मोजणीच्या टायमाला."

खोडाच्या त्या अंगाहून माधव म्हणाला, "मलाबी. हरकतीच्या टायमाला. आसंच, वाकून."

कोणीतरी हसलं आणि आपण एकटेच हसलो हे कळून थांबलं. मी मास्तरांकडे बघितलं. ते दोघा भावांकडे बघत नव्हते. हात मागे बांधून, मान जराशी तिरकी करून ते माझ्याकडे बघत होते. बसस्टँडवर त्या रस पिणाऱ्याकडे बघत होते, तसे.

माझ्या अंगात पांढरी सफारी होती. हातात ग्लास तेवढा नव्हता.

मी मोठ्याने बोलणारा माणूस नाही. पण म्हणालो, "ग्यानोबा, कुऱ्हाड मेढीसाठी होती. मला सकाळीच ठाऊक होतं. तुम्ही दुपारी आलाव, तवा मी बोललो न्हाई."

ग्यानोबा मला काहीच म्हणाला नाही. ते बरं झालं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही. तो खोडाशी बोलावं तसं, मान न वळवता भावाला म्हणाला, "ह्या उंबराची?"

"मग काय बाभळीची रोवू? आबाच्या लग्नाला हीच, तुह्या लग्नाला हीच."

"इचारायचं व्हतं."

"कसं इचारू? आपलं बोलणं तर ह्यांच्या टेबलावरून चालतंय."

ग्यानोबा उठला, धोतर झटकलं आणि घराकडे चालू लागला. गळाभेट वगैरे काही झाली नाही. मी सफारीची बटणं काढायला लागलो. तर मास्तर म्हणाले, "थांबा. मुनीर, त्या दुसऱ्या राजाच्या मागं शेळी आलती. परत घ्यावं लागंल."

माधव समोर बसलेला असताना मला ती वाक्यं पुन्हा म्हणावी लागली. त्या वेळी फौज हसली नाही. पण सिनेमात तोच तुकडा आहे, आणि लोक सांगतात की त्यात मी फार छान काम केलंय.

परत येताना टेंपोत मी मास्तरांना विचारलं, जागा मुद्दाम निवडली का? ते मेंदीच्या दाढीवरून हात फिरवत राहिले. म्हणाले, "जागा मोकळी होती." थोड्या वेळाने म्हणाले, "मुनीरचे दात गेले तवा मला कुणी उंबराखाली उभं केलं न्हाई, मुनशीजी. केलं आसतं तर बरं झालं आसतं."

ठरल्या दिवशी मी टेबलावर कोरे कागद ठेवून बसलो. ग्यानोबा आला नाही. त्याच्या पुढच्या बाजारालाही आला नाही. धुऱ्याचा दावा त्यांनी पुढे आपसात मिटवला, आणि तो कागद माझ्या समोरच्या टेबलावर, दुसऱ्या अर्जनवीसाकडून लिहून घेतला. मी बघत होतो. त्यांनी बरोबर केलं.

मी अजून लिंबाखालीच बसतो. पण कुणी अर्ज लिहायला आला की आधी विचारतो, समोरच्याला विचारलं का? न्हाई म्हणाला तर म्हणतो, विचारून या, मी इथंच आहे. निम्मे परत येत नाहीत. शेजारच्या टेबलवाला म्हणतो, मुनशीजी, तुम्ही आता दुकान लावून गिऱ्हाईक हाकलायलाव. म्हणू दे. काही जुनी भांडणं मात्र अजून नांदेडच्या कोर्टात चालू आहेत, ज्यांचा पहिला कागद माझ्या अक्षरातला आहे. त्यांतल्या एका घरी मी जाऊन आलो. दारातूनच परत पाठवलं. पुन्हा जाणार आहे.

मास्तर त्या लग्नसराईनंतर ब्यांड बंद करून लातूरला लेकीकडे राहायला गेले, गंजगोलाईच्या बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मला वाटलं होतं, आता नातवंडं आणि नमाज. पण तिथे त्यांनी शेजारच्या शिंपिणी आणि कॉलेजच्या मुली गोळा करून नवा सिनेमा लावलाय. या वेळी फवारणीचा ड्रोन लढाईचा म्हणून खपवणारा विक्रेता आहे. भूमिका माझीच. महिन्यातून एकदा मी पिशवीत सफारी घडी करून एसटीत बसतो. निलंग्याकडचा एक कंडक्टर मला ओळखतो, "काय तोफवाले, आज कुणाला इकायची?" म्हणतो आणि अख्खी गाडी मागे वळून बघते. आधी मी खिडकीकडे तोंड करायचो. आता म्हणतो, "समोरचा तयारीत हाय, साहेब." गाडी हसते. हसताना लोक शेजारच्याकडे बघतात, हे मी मास्तरांकडून शिकलो.

पण मास्तर म्हटलं की मला ते आठवतात माधवच्या मुलीच्या लग्नातले.

माधवने मला पत्रिका दिली नव्हती, देईल कशाला. मास्तर म्हणाले, "ब्यांडवाल्याला कोण पत्रिका देतंय? झांजवाला पुण्याला गेलाय. कोट घाला." तो कोट मला पोटावर बसत नव्हता, खालच्या गुंड्या उघड्याच राहिल्या. तुऱ्याची टोपी कानावर येत होती. आयुष्यात कधी हात वर करून काही न वाजवलेला मी झांजा घेऊन वऱ्हाडापुढे चालत होतो. मुनीर बाजूने चित्रण करत होता आणि माझा ताल चुकला की ओठ मिटून हसत होता. डीजे सांगायचा की ब्यांड, यावर मुलीकडच्यांत आधी वाद झाला होता म्हणे. ब्यांडच, असं ग्यानोबाने ठरवलं, असंही कुणीतरी म्हणालं. मी विश्वास ठेवला नाही.

मांडवात शिरताना मी मेढीकडे बघितलं. उंबराची होती. बुंध्याकडून जाड, साल अजून ओली. माझ्या पुढे चालणारा ढोलवाला हलक्या आवाजात म्हणाला, ग्यानोबाने पहाटे स्वतः तोडली आणि खांद्यावर आणून या दारात टाकली. टाकून परत गेला, मग हळद लागताना पुन्हा आला.

वाजवणं थांबलं होतं. आम्ही मांडवाच्या कडेला पाणी पीत उभे होतो, तेवढ्यात आतून आवाज चढले. ग्यानोबा आणि माधव समोरासमोर. ग्यानोबाचं म्हणणं, वऱ्हाडाची पंगत आधी बसवायची आणि ती सावलीच्या अंगाला. माधव म्हणत होता, त्या अंगाला चुली आहेत, धूर येतो. ग्यानोबा म्हणाला, तुला कळतंय काय, तू गप. माधव म्हणाला, पोरगी कुणाची हाय? ग्यानोबा म्हणाला, मेढ कुणी आणली? दोघांच्या माना फुगल्या, हातवारे सुरू झाले. मी मास्तरांकडे बघितलं.

मास्तर हात मागे बांधून, मान जराशी तिरकी करून उभे होते. नजर गर्दीत फिरत होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत. माझीही फिरली. बायका पत्रावळी मोजत होत्या. पाहुणे तोंड धुत होते. आचारी कढईत ढवळत होता. भावांच्या आसपास कुणीच नव्हतं. कुणी वाकून कानाशी लागत नव्हतं, कुणाच्या हातात रसाचा ग्लास नव्हता. मास्तरांची नजर सगळीकडून फिरून माझ्यावर आली, थोडी थांबली, आणि पुढे गेली.

"तिसरा न्हाई," मास्तर म्हणाले. "भांडू द्या."

मग त्यांनी क्लॅरिनेट कोटाच्या बाहीला पुसली, डोळे मिटले आणि सुरू केलं. मी झांजा उचलल्या.